बुरुल्चाने न केलेली सही

कोश-तराल गावाच्या खालच्या शेतांना लागून जुन्या शिशाच्या खाणीचा राखाडी गाळ पसरला आहे. खाण बंद पडल्यावर जिल्ह्याने ती शेते बारा कुटुंबांना गुरांच्या लसूणघासासाठी द्यायचे ठरवले. माती योग्य असल्याच्या दाखल्यावर प्रयोगशाळेतील बुरुल्चाची सही लागणार होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने सही नाकारल्याचे आम्हा गावकऱ्यांना आठवत नव्हते.

तपासणी पथकाने चाचणीसाठी पेरलेल्या घासाच्या ओळींमधली माती घेतली, सगळ्या शेतांची एकत्र कालवली, वाळवली, चाळली. आकडे मर्यादेत आले. बुरुल्चाने मात्र घासाची झाडे मुळांसकट उपटली. गाळापासून दूर असलेल्या वरच्या शेतातल्या मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या की आत लालसर रंग दिसे. तिथले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवत होते. खालच्या शेतातल्या गाठी मोहरीएवढ्या होत्या आणि आतून पांढऱ्याफटक.

जमीनवाटपाचा अधिकारी मेदेरबेक दुपारी तिच्या घरी चहाला आला. अर्जदार कुटुंबेही जमिनीवर अंथरलेल्या, खाणे मांडलेल्या दस्तरखानाभोवती बसली होती.

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे तो म्हणाला, "आकडे बरोबर आहेत ना? मग अडवता कशाला?"

"आकडे बरोबर आहेत रे. माती भलतीकडची आहे. जिथे मूळ जगतं, तिथली कुणी घेतलीच नाही."

तिने मुळांची जुडी आणली आणि थेट भाकरीशेजारी ठेवली. उमुत्काने नावाची शेजारीण ओरडली, "अगं बाई! भाकरीजवळ चिखल? वेड लागलं का तुला?"

"उद्या हाच चिखल दुधातून पोरांच्या पोटात जाईल, तेव्हा ओरडशील? फोड ती गाठ."

उमुत्कानेने फोडली. "ही तर मेलेली दिसते."

"मेलेली नाही. आत जिवाणू आहेत. शिसं सोसतात, पण झाडाला देत काहीच नाहीत."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखेच!" मेदेरबेक म्हणाला, आणि सगळे हसले.

बुरुल्चा हसली नाही. "हो. सोसणारे तगले, पोसणारे आधी गेले. सही मिळणार नाही."

"दुसरा कुणीतरी करेल, एजे. तुमच्या पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत."

"करू दे. त्याला इथे घेऊन ये. गाठी त्याच्याही हातात देते."

मर्यादेचा आकडा राज्यकारभाराच्या सोयीसाठी ठरतो. मातीने त्याला संमती दिलेली नसते. ही साधी गोष्ट उघड बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते. आठवड्यात बुरुल्चाची बदली दूरच्या कोठारावर झाली. दाखल्यावर एका अनोळखी माणसाची सही आली.

जमीनवाटपाच्या दिवशी सात कुटुंबे फिरकलीच नाहीत. यादीत पहिले नाव उमुत्कानेचे होते. ती उठली आणि मेदेरबेकच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "माझा अर्ज परत दे. आणि कारणाच्या रकान्यात मी सांगते ते लिही, शब्द न शब्द: खालच्या शेतातल्या गाठी आतून पांढऱ्या आहेत."

तो लिहीपर्यंत ती तिथून हलली नाही.