अकरा विमानांचा मेस्त्री

बाळा मेस्त्रीला चारकोपात बाळा मेस्त्री म्हणून कोणी ओळखत नाही. ‘पायलट कुठे राहतो?’ असं विचाराल तर रिक्षावालासुद्धा थेट दारात आणून सोडेल. आणि गंमत अशी की चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ जन्मात एकदाही विमानात बसलेला नाही. गिरणीत सुतारखात्यात होता, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत मालाची लाकडी खोकी ठोकली, दोन मुलींची लग्नं लावली, आणि आता सकाळी चहा-पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी धावपट्टीवर फेरी, असा अगदी मजेत आहे. बायको नलिनी म्हणते, याच्याएवढा सुखी माणूस अख्ख्या सेक्टरात शोधून सापडायचा नाही. ते खरंच आहे. एक सल होता, तेवढा सोडला तर.

आता धावपट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. सेक्टरच्या मागे, खाडीच्या अंगाला, काँक्रीटचा एक लांबलचक पट्टा आहे. भेगांतून गवत उगवलंय, पोरं त्यावर क्रिकेट खेळतात, बायका मे महिन्यात त्यावर पापड वाळत घालतात आणि पोरांना शिव्याही घालतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे मिलिटरीचा विमानतळ होता, एवढं सगळ्यांना ठाऊक. कोणी बांधला, कुठली विमानं होती, कधी गेली, विचाराल तर जो तो खांदे उडवणार.

बाळाचा बाप सोनू मेस्त्री वेंगुर्ल्याकडचा. लढाईच्या दिवसांत साहेबाने कोकणातून सुतार गोळा करून आणले, त्यात हाही आला. लढाई संपली, बाकीचे गावी गेले, सोनू मात्र इथेच राहिला. धावपट्टीच्या कडेला झोपडं घातलं, लग्न केलं, दारं-खिडक्या करून पोट भरलं. माणूस अबोल. पण एक वाक्य मात्र छाती काढून बोलायचा, “त्या धावपट्टीवरली अकरा इमानां माझ्या हातची!”

झालं! लोकांना तेवढंच हवं असतं. रंधा मारणारा सोनू म्हणे विमानं बनवतो! ‘सोन्या, विमानाला बिजागऱ्या कितीच्या मारल्यास रे?’ असं जो तो विचारायचा. बाप त्यातल्या एकालाही उत्तर देत नसे. पोराला मात्र लोकांनी पायलट करून टाकलं.

शहासष्ट सालची गोष्ट. घरी गणपती बसलेला, शेजारीपाजारी दर्शनाला जमलेले. शेजाऱ्यांकडे एक पाहुणा आला होता, हवाईदलातून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्याने आपलं साधेपणाने विचारलं, “मेस्त्री, तुमच्या विमानांना इंजिन कुठलं होतं हो?”

सोनूच्या हातात चहाचा पेला होता. त्याने तो तोंडापासून खाली घेतला. मग म्हणाला, “ता सांगूक जमाचा नाय. वेतोबाची आण आसा.”

वेतोबा म्हणजे त्याच्या गावाकडचा राखणदार देव. त्याची आण घ्यायची म्हणजे पोरखेळ नव्हे. घेतली की मरेपर्यंत मोडायची नाही. पण शेजाऱ्यांना काय त्याचं! सगळे खो खो हसले. बाळा तेव्हा पंधरा वर्षांचा. पहिल्यांदाच फुलपँट घातलेली, समोर शेजारच्या मुली बसलेल्या. लाजेने त्याचे कान तापले आणि तो ओरडला, “बाबा, पुरे ना आता थापा!”

बापाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. चहा न पिता खाली ठेवला आणि उगाच मखराची सुतळी घट्ट करत बसला. त्यानंतर तेवीस वर्षं जगला तो. गिरणीत पोराला चिकटवलं, नातींना खांद्यावर खेळवलं, पण विमान हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. बाळाला माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करता करता बाप गेला.

तेव्हापासून बाळाच्या मनात एकच गोष्ट होती. कधीतरी, कुठूनतरी एखादा कागद यावा, आणि त्यावर लिहिलेलं असावं की सोनू मेस्त्री खोटं बोलत नव्हता.

आणि यंदा कागद आला.

झालं असं की गणेश मंडळाच्या अध्यक्षाने, म्हणजे मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या केतनने, यंदाच्या सजावटीचा विषय जाहीर केला, ‘आपल्या धावपट्टीचा इतिहास’. माहिती गोळा करायचं काम अनुपमाकडे गेलं. अनुपमा बाळाच्या दोन दारं सोडून राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. तिचे आजोबा नगरकडून आंबेडकरांचं भाषण ऐकायला म्हणून मुंबईत आले आणि इथलेच झाले. त्यांच्या घरात एक शिस्त, कागद दाखव मग बोल. तिने विलायतेतल्या कुठल्याशा दप्तरखान्याला चिकाटीने सात-आठ पत्रं धाडली होती.

गणपतीला तीन आठवडे असताना रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग भरली. बाळा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. अनुपमा उभी राहिली आणि म्हणाली, “त्यांचं उत्तर आलंय. बाकीचे कागद आणि फोटो चार दिवसांत येतील. पण एक गोष्ट पक्की. ही धावपट्टी बांधली बेचाळीस साली, आणि तिच्यावर एकही विमान कधी उतरलं नाही. एकही नाही.”

केतन तोंडाचा फाटका. “म्हणजे वाट लागली ना, पायलटकाका, तुमच्या अकरा विमानांची!”

सगळे हसले. बाळाही हसला, अगदी टाळी देऊन. पण घरी आला आणि बांगड्याचं तिखलं समोर असताना नुसता भात चिवडत बसला. बांगड्याला हा माणूस नाही म्हणतोय म्हटल्यावर नलिनीला काय ते कळलं.

“साठ वर्षं होत आली त्याला. अजून किती दिवस स्वतःला खाणार आहेस?”

“अगं, मी त्याला थापाडा म्हटलं. आता खरंच थापाडा निघाला, तर मला बरं वाटायला नको? उलट जास्तच वाईट वाटतंय बघ.”

नलिनी उठली. तिने त्याच्या ताटातला बांगडा झाकून ठेवला.

दुःख काय नि सुख काय, घरचा गणपती ठरल्या दिवशी येणार, त्याला मखर हवंच. मंगळवारी बाळाने बांबू आणले, त्यांच्या कांब्या, म्हणजे लवचीक पट्ट्या, चिरल्या आणि पोटमाळ्यावरून बापाचा फर्मा काढला. फर्मा म्हणजे सागवानी फळीचा एक कापलेला आकार, अडीच हात लांब. त्यावर कांबी वाकवून बांधायची, तसल्या सात कमानी करायच्या, ओळीने जोडल्या की झालं मखराचं छप्पर. बापाने मरताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या, आईला सांभाळ आणि फर्मा सोडू नको. आकार मात्र चमत्कारिक. पुढून गोल जाडजूड आणि मागे निमुळता होत गेलेला. नलिनीची दर वर्षीची तक्रार ठरलेली, “लोकांची मखरं बघ कशी देवळासारखी! आणि आमचं? पुढे पोट, मागे शेपूट!” बाळाचं उत्तरही ठरलेलं, “बाबाचा फर्मा आहे. आपण शहाणपणा करायचा नाही.”

गुरुवारी दुपारी तो गॅलरीत बसून चौथी कमान बांधत होता. दारात अनुपमा आली. हातात कागदांचं पाकीट. “काका, त्या दिवशी मी अर्धंच...” असं म्हणता म्हणता थांबली आणि जमिनीवरच्या सांगाड्याकडे बघत राहिली.

“हे काय करताय?”

“मखर. बस ना. नलू, चहा टाक गं!”

अनुपमा बसली नाही. तिने पाकिटातून एक फोटो काढला आणि बाळाच्या पुढ्यात, त्या कमानीशेजारी ठेवला.

बाळाने चष्मा लावला. काळापांढरा फोटो. लंगोटी आणि मुंडाशातले पाच-सहा लोक धावपट्टीवर उकिडवे बसलेले, आणि मधे बांबूचा भलामोठा सांगाडा. एका बाजूला कमानी मोठ्या, टोकाकडे लहान लहान होत गेलेल्या. पुढून गोल, मागे निमुळत्या. दुसऱ्या कोणी आधी माणसांचे चेहरे पाहिले असते. हा सुतार, याने आधी सांधे पाहिले. फोटो डोळ्यांपाशी नेला. सुतळीची गाठ उलटी होती. डावखुऱ्या माणसाची गाठ.

सोनू मेस्त्री डावखुरा होता. बाळा उजवा, पण बापाने शिकवली तशीच गाठ तो आजही मारतो, उलटी. आत्ता हातातली होती तशी.

“काका,” अनुपमा म्हणाली, “विमान उतरलं नाही हे खरंच. कारण हा विमानतळच खोटा होता. जपानी बॉम्बफेकी विमानं येतील म्हणून साहेबाने मुद्दाम बांधलेला. त्यांनी वरून बघावं, फसावं, बॉम्ब इथे टाकावेत आणि खरी विमानं दुसरीकडे वाचावीत, म्हणून. धावपट्टीवर बांबूची विमानं उभी केली होती. वर गोणपाट, त्यावर रंग. या फोटोत त्यातल्याच एकाचा पंख बांधतायत. आणि हा दुसरा बघा, विमानातून काढलेला फोटो. नकली ओळखू येतात का ते तपासायला काढलेला. खाली अधिकाऱ्याने लिहिलंय, तीन हजार फुटांवरून फरक कळत नाही, सुतारांचं काम उत्तम.”

बाळाने फोटोवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

अकरा.

“आणि शेवटची ओळ ऐका. ही गोष्ट फुटू नये म्हणून सुतारांना त्यांच्याच देवाची शपथ घातली आहे, कागदावरच्या सहीपेक्षा ती जास्त भरवशाची आहे.”

बाळा ढसाढसा रडला. लाज नाही, काही नाही, गॅलरीत बसून, शेजारचे बघत असताना. “अगं नलू! बाबा खरं बोलत होता गं! अकराच्या अकरा खरी!”

नलिनी चहाचं भांडं तसंच सोडून धावत आली. तिने फोटो पाहिला, मखर पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. “अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी गणपतीला विमानाच्या पंखाखाली बसवतेय?” मग तिघंही रडता रडता हसायला लागली, आणि तिकडे चहा उतू गेला.

केतनला बातमी कळली तसा तो उड्या मारत आला. “काका, झकास! मंडळाच्या गणपतीवर अख्खा पंख बांधायचा, फुल साइज! आणि उद्घाटनाला तुम्ही सगळी स्टोरी सांगायची, बांबूपासून.”

“पंख बांधतो,” बाळा म्हणाला. “पण विमानं बांबूची होती हे मी सांगणार नाही.”

“का?”

“बाबाने आण घेतलेली. अख्खं आयुष्य लोकांचं हसणं सोसलं त्याने, पण मोडली नाही. पोटच्या पोराने थापाडा म्हटलं तरी नाही. एक शब्द बोलला असता तर सुटला असता रे! मग मी ती कशी मोडू?”

“काका, लढाई संपून ऐंशी वर्षं झाली,” अनुपमा म्हणाली.

“लढाई संपली. आण कोणी उतरवली?”

कागद मागणारी अनुपमा पाकिटातले कागद पुन्हा चाळू लागली. उत्तर नलिनीने दिलं, कणीक मळता मळता. “मग गाऱ्हाणं घाल की. आण देवाची, तर देवालाच सांग उतरवायला. हाय काय नि नाय काय!”

बाळाने कपाळावर हात मारला. कोकणातला माणूस नारळ वाढवायचा तर गाऱ्हाणं घालतो, खटला भरायचा तर गाऱ्हाणं घालतो, आणि हे त्याला सुचू नये?

पंख तयार व्हायला बारा दिवस लागले. केतनची पोरं सुतळी धरायला होती, पण गाठी सगळ्या बाळाने स्वतः मारल्या. चतुर्थीच्या सकाळी मंडळाची मूर्ती त्या पंखाखाली बसली. आरती झाली, आणि बाळा नारळ घेऊन पुढे आला. डोक्यावर बापाची काळी टोपी. समोर अख्खं सेक्टर.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” कोकणातल्या चार म्हाताऱ्यांनी साथ दिली. बाकीचे नुसते बघत होते.

“माझ्या बापसान, सोनू मेस्त्रीन, लढायेच्या वक्ताक वेतोबाची आण घेतलेली. ती तेणां मरापर्यंत पाळल्यान. आता लढाय नाय, साहेब नाय. ती आण आज तेच्यावरसून उतरय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता निम्मा मांडव होता.

बाळाने नारळ कपाळाला लावला. “आणि तेच्या झिलान चार लोकांदेखत तेका थापाडो म्हटल्यान. तोच झिल आज चार लोकांदेखत सांगता, माझो बापूस खरो होतो. ह्या तेच्या कानार घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मांडव दणाणला. अनुपमा ओरडली, नलिनी ओरडली, आणि केतन तर सगळ्यांच्या वर ओरडला.

नारळ फुटला. बाळाने तोंडावरून हात फिरवला. आता बोलायला मोकळा होता तो, पण सुरुवात कुठून करावी हेच कळेना. तेव्हा केतन पुढे झाला. या वेळी हसत नव्हता.

“काका, तुमच्या बाबांच्या विमानांना इंजिन कुठलं होतं हो?”

बाळाने वर पंखाकडे पाहिलं.

“पोकळ होतं रे,” तो म्हणाला. “बांबू, गोणपाट आणि आत नुसता वारा. पण खाली बसा सगळे, पहिल्यापासून सांगतो.”