न फुगलेला केक

"दोन अंडी घालून टाक नी, सखू. कोणाला काय समजते?" माणेकबाई म्हणाल्या.

पहिला केक ताटात पडला होता. वरून पिवळा, आतून चिकट, वास नुसता सोड्याचा. दुपारच्या गाडीनं मुंबईचे पाहुणे उतरणार होते आणि चहाच्या वेळेला शेठच्या बंगल्यावर केक पोचायला हवा होता.

लढाईचे दिवस होते. बॉम्बच्या भीतीनं मुंबईची पुष्कळ कुटुंबं लोणावळ्याच्या बंगल्यांत येऊन राहिली होती. माणेकबाई पारशी. घरीच केक, बिस्किटं करून बंगल्यांवर पोचवायच्या. मी जवळच्याच भाजे गावची, चौथी शिकलेली. त्यांची भट्टी मी सांभाळायची.

ही ऑर्डर एका गुजराती शेठची. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येत होते. मुलगा विलायतेला शिकून आलेला, त्याला चहाबरोबर केक लागायचा. त्याची आजी अंड्याचं भांडंही घरात न येऊ देणारी. शेठाणी स्वतः सांगून गेली होती, "नुसता संशय आला तरी म्हातारी उठून जाईल. ठरत आलेलं मोडेल."

"आणि समजलं तर?" मी बाईंना विचारलं.

"नाही समजत. हा दगड पाठवून माझं नाव घालवायचं काय?"

"दगड खाऊन कुणाचा धर्म बुडत नाही. अंडी घालायची तर तुमच्या हातानं घाला. मी पिठाला शिवणार नाही."

"बहु शाणी झाली तू." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "कर तुझ्या मनासारखं. बिघडलं तर संध्याकाळी भाज्याची वाट धर."

केकात अंडं दोन कामं करतं. पीठ धरून ठेवतं आणि फुगवतं. बेकिंग पावडरीचे विलायती डबे लढाईमुळे मिळत नव्हते. म्हणून दही आणि खाण्याचा सोडा. आंबट दह्यात सोडा पडला की बुडबुडे येतात आणि पीठ हलकं होतं. दही आंबट नसेल तर सोडा तसाच राहतो आणि तोंडाला साबणासारखा लागतो. आमचं तेच झालं होतं. थंडीच्या गारठ्यात दही लागलं होतं, पण आंबलं नव्हतं.

मी तडक तुळसामावशीच्या गोठ्यावर गेले.

"मावशी, आंबट दही हाय का?"

"आंबट कशाला? ग्वाड न्हाई म्हून लोक माज्याशी भांडत्यात."

"केकात घालायचंय."

"परवाचं हाय. म्हशीच्या आंबोणात वतणार व्हते. पारशिणीला चारतीस व्हय ह्ये?"

"पारशिणीला न्हाई. शेठच्या व्याह्यांना."

"मग ने. पर माजं नाव घिऊ नगंस."

आमच्या डब्यांना अंड्याचा वास बसलेला, भट्टीलाही. म्हणून शेठाणीकडून त्यांचंच कल्हईचं पातेलं आणलं. मैदा पहिल्या केकात संपत आला होता. रेशनच्या दिवसांत आणखी कुठून मिळणार? उरलेल्यात बारीक रवा मिसळला. चुलीवर तवा, तव्यावर वाळू, वाळूवर पातेलं, झाकणावर निखारे. चूल अशी मांडली की झाकण उघडून बघता येत नाही. निखारे सांडतात आणि केक बसतो. मी वासावर बसून राहिले.

काडी घालून बघितली. कोरडी आली. केक भाजला होता, रंगही बरा होता. पण उंची दोन बोटं.

"आ केक छे के भाकरी?" बाई म्हणाल्या. तेवढ्यात घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी ऐकू आली. तिसरा करायला वेळ नव्हता. मी पातेलं फडक्यात बांधून निघाले.

बंगल्यावर मुलीनं केक कापला. आजीनं तुकडा घेतला, हुंगला, बोटानं दाबला. ती गुजरातीत बोलत होती. बाईंकडे राहून मला ती भाषा समजायला लागली होती.

"मुंबईत केक कसा उंच असतो. हा का नाही फुगला?"

शेठाणी माझ्याकडे बघायला लागली. मी दारातूनच म्हटलं, "अंडं नाही म्हणून, आजी."

"मग काय आहे?"

"दही, सोडा, मैदा, रवा, तूप, साखर, वेलची."

"भांडं?"

"ह्याच घरचं."

तिनं पातेलं मागवलं. उलटं करून बुडाला चिकटलेली वाळू बघितली, केक ह्यातच भाजल्याची खात्री केली. मग म्हणाली, "अंडं नाही असं शपथेवर सांगून तिघांनी मला केक दिले. तिन्ही उशीसारखे फुगलेले. मी एकालाही शिवले नाही. हा खाते." आणि तिनं खाल्ला. नातवाकडे बघून म्हणाली, "तूही घे."

त्यानं घेतला. बराच वेळ चावला. वर दोन कप चहा प्याला. लग्न ठरलं.

पुढं शाकाहारी बंगल्यांवरून तोच बसका केक मागायला माणसं यायला लागली. लढाई संपल्यावर बेकिंग पावडर मिळाली, तेव्हा बाईंनी हौसेनं बिनअंड्याचाच एक उंच केक करून त्यातल्या एका बंगल्यावर पाठवला. तो जसाच्या तसा परत आला.

एक वस्तू नसली तर तिच्या जागी दुसरी घालता येते. पण पहिली नाही, हे खाणाऱ्याला दिसू द्यावं. झाकायला गेलं की लोक आधी झाकणच उचलतात.