बत्ती वाढव

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच प्रश्न विचारत आले... त्या दिवशी जेवला होतात का? उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं. पंधरा वर्षं परभणीत लॅब टेक्निशियन आहे, त्यामुळे जे स्लाइडवर दिसेल तेवढंच खरं, हा माझा हेका. ह्या ग्रुपवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते आणि खाली खोचक कमेंटही टाकते. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

राणीसावरगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला माझ्या सासरचं शेत आहे. गेल्या जानेवारीत मी आणि अविनाश – माझा नवरा – तिथे तंबू ठोकून दोन दिवस राहायला गेलो. कॅम्पिंगचं वेड माझं. अविनाश म्हणायचा, "आपल्याच शेतात तंबूत झोपायचं, लोकं येड्यात काढतील."

खास त्यासाठी मी ऑनलाइन एक टॉर्च मागवली होती. साधी टॉर्च एक झोत लांब फेकते. ही तशी नाही – हिचा उजेड रुंद, सगळीकडे सारखा पसरतो. लांबचं दिसत नाही, पण हातभर अंतरावरचं काम सावली न पडता करता येतं. पहिल्याच संध्याकाळी तिच्या उजेडात मी अविनाशच्या तळपायातला बाभळीचा काटा सुईने काढला. मला फार कौतुक त्या टॉर्चचं! अविनाश चिडवत होता, "उजेड लय हाय, पण पलीकडचं झाड दिसंना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास लाइट आली, पण विहिरीवरची मोटर काही सुरू होईना. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. स्टार्टरची पेटी विहिरीजवळच्या मोठ्या वडाखाली, खांबावर. अविनाशने मेन बंद केला, पेटी उघडली आणि आतली तार काढायला लागला. त्याला दोन्ही हात लागत होते, म्हणून मी त्याच्यापासून चार पावलं मागे टॉर्च धरून उभी राहिले. बारीक उजेडावर ठेवली होती.

आणि माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं –

"बत्ती वाढव."

बाईचा आवाज. घाबरलेला नाही, ओरडून नाही. स्वयंपाकघरात आपण "गॅस बारीक कर गं" म्हणतो, तसा. मला वाटलं शेजारच्या मळ्यातली गयाबाई मावशी आली असेल. मी वळूनही बघितलं नाही. बटण दाबलं आणि उजेड फुल केला.

मग वळून बघितलं. मागे कापलेल्या तुरीचं मोकळं रान... त्या रुंद उजेडात एक-एक खुंट स्वच्छ दिसत होता. माणूस नव्हतं.

मी "कोण आहे?" म्हणेपर्यंत वरून घोंगावणं सुरू झालं. वडाच्या पलीकडच्या फांदीवर आग्यामोहळ होतं. आम्ही ते पाहिलंच नव्हतं. अंधारात ह्या माश्या उजेडावर येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. झोताची टॉर्च असती तर फक्त पेटीवर पडली असती. माझी तर वर-खाली, झाडावर, अविनाशवर, सगळीकडे पसरली होती.

अविनाश ओरडला, तोंड झाकून पळाला, बांधाला अडखळून पडला. आणि मी काय केलं? टॉर्च घेऊन त्याच्याकडे धावले. त्याला दिसावं म्हणून उजेड त्याच्यावर धरला! माश्या उजेडाबरोबर त्याच्यावरच आल्या. त्याचा चेहरा, कान, पापण्या... मला सगळं दिसत होतं आणि हातून काहीच होत नव्हतं. मला एक चावली की टॉर्च हातातून उपडी पडली, तेव्हा अंधार झाला आणि घोंगावणं हळूहळू वर गेलं.

गाडी मीच चालवली. आधी गंगाखेड, तिथून परभणी. नर्सने काटे मोजायचं सोडून दिलं. किडन्या बंद पडल्या, डायलिसिस झालं. मी ज्या रिपोर्टांवर रोज सह्या करते, तसलेच त्याचे रिपोर्ट हातात घेऊन बाकड्यावर बसायचे आणि आकडे वाचताच यायचे नाहीत मला. शेवटी तो वाचला. पण डाव्या डोळ्याने त्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

गयाबाई मावशी दवाखान्यात आली तेव्हा मी तिच्यावर उखडलेच – म्हटलं, तुम्ही सांगितलं म्हणून मी उजेड मोठा केला.

"मी? आगं बाई, मी त्या दिशी लेकीकडं पूर्णेला व्हते की! आन् दिवेलागणीनंतर त्या वडाखाली कोन जातंय?" मग ती थबकली. "काय म्हनलं म्हनलीस? वाढव? आगं, वाढव म्हंजी मालव! दिव्याला इझव म्हनू नये. बरोबर सांगितलं व्हतं की तुला, ज्यानं कुनी सांगितलं."

सेलूच्या किराणा दुकानदाराची मुलगी मी. रोज रात्री माझे वडील "दुकान वाढवून येतो" म्हणायचे, बंद करतो असं कधीच नाही. बांगडी फुटली की आई वाढवली म्हणायची. एवढं माहीत असून दिव्याचं मला कळलं नाही. ह्याचा राग मला अजून येतो आणि तो काढायला माणूस नाही.

महिन्याने अविनाश नीट बोलायला लागला, तेव्हा मी भीतभीत विचारलं, तुला आवाज ऐकू आला होता का?

"आला की," तो म्हणाला. "तूच म्हनालीस, बत्ती वाढव. मी विचारनार व्हतो, कुनाला सांगायलीस?"

"मी काहीच बोलले नाही रे."

"वैशू, अकरा वर्षं झाली लग्नाला. तुझा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?"

डोक्याला ताण, भास, दोघांनाही एकदम... सगळं धरून बघितलं. काही जुळत नाही. मी ऐकला तो आवाज माझा नव्हता, एवढं मी छातीठोक सांगते. पण त्याने तो माझाच ऐकला.

आता घरी कुणी भेटायला आलं की अविनाश कौतुकाने सांगतो, "हिला आधीच कळलं व्हतं. बत्ती वाढव म्हनाली बी. घाईत उलटं बटन दाबलं, तिचा काय दोष?" लोक माझ्याकडे आदराने बघतात. मी चहा ठेवते म्हणून आत निघून जाते.