खोंडाने ठरवलेला भाव

बाजारात मला माणसाने कधी हरवलं नाही. हरवलं ते एका खोंडाने.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझ्या बैलाला जोडीदार हवा होता, म्हणून मी पुणतांब्याहून गुरांच्या बाजाराला गेलो. एका म्हाताऱ्याचा खोंड पाहताक्षणी आवडला, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. दात पाहिले, शिंगांना नावं ठेवली. मग उपरण्याखाली आम्ही एकमेकांची बोटं दाबून भाव करू लागलो. बाजूच्यांना आकडा कळू नये म्हणून तशीच पद्धत होती. म्हातारा माझ्या आकड्यापेक्षा एक बोट वरच अडला. मी नेहमीसारखा भडकलो, हात झटकला आणि चालू लागलो. चार पावलांत विकणारा हाक मारतो, हा माझा अनुभव.

हाक आलीच नाही. खांद्यावरचं माझं उपरणं मात्र मागे ओढलं गेलं. खोंडाने त्याचं टोक तोंडात धरलं होतं. सोडवायला गेलो तर तो माझं मनगट चाटू लागला. मला हसू फुटलं आणि म्हाताऱ्याने ते पाहिलं.

"पावणं, त्यानं तुमाला पसंत केलंय. आता तुमी कशाला रुसता?"

मी त्याचाच भाव दिला.

घरी खोंडाने आधी बायकोचा पदर धरला, मग शेजाऱ्याचा सदरा. म्हाताऱ्याला ही खोड नक्की ठाऊक होती! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

"एवढं लागलंय तर द्या की परत नेऊन," बायको म्हणाली.

"कुणी त्याच्या दाव्याला हात तर लावू दे, मग बघतो!" मी ओरडलो.