तोंड उघडायची वेळ

बँकांची तपासणी करण्यात बाईंचा जन्म गेला, पण कुठली बँक डळमळीत आहे हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नाही. कुजबुज झाली की दारात रांग लागते आणि सावरणारी बँकही बुडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या साहेबांच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे.

यंदा एक बँक बुडालीच, बाईंच्या बहिणीच्या ठेवीसकट. चौकशी समितीने साहेबांना विचारलं, "तुमच्या ऑफिसला कधी कळलं होतं?"

"ते गोपनीय आहे," साहेब ताठ मानेने म्हणाले.

घरी पचकणारा हा शहाणा इथे मिठाची गुळणी धरतो, हे पाहून शेजारीच बसलेल्या बाईंना शिसारी आली.

"बँक बुडाली, आता कसलं गोपनीय?" त्या म्हणाल्या. "साहेबांच्या सासऱ्यांनी तिथली ठेव मोडली ना, त्याच्या आदल्या दिवशी कळलं."