रस्त्याचं दळण

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. मी सून होऊन आले तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आधी चक्कीत आणि चक्कीतून मागे घरात जावं लागायचं. आता उलट दोन बोटं खाली उतरून यावं लागत होतं. पायऱ्या कुठे गेल्या म्हणाल तर कुठेच गेल्या नव्हत्या, रस्ताच वर आला होता. दर काही वर्षांनी सरकारला तालुक्याला, आर्णीकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याची दया यायची आणि जुन्या डांबरावर नवं डांबर पडायचं, त्याच्यावर आणखी नवं. रस्ता चढत गेला, आम्ही होतो तिथंच राहिलो, आणि पावसाळ्यात अख्ख्या गावाचं पाणी माझ्या उंबऱ्यावरून आत यायला लागलं.

मागच्या पावसाळ्यात चक्कीची मोटर जळली. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी सरकार, ठेकेदार, ढग, सगळ्यांचा असा उद्धार केला की नवरा म्हणाला, "हळू बोल वं, दळनवाले ऐकून राह्यले." मोटर नवी तार भरून आणली. पण मिस्त्रीनं साफ सांगितलं, "अजून एकदा पानी गेलं तं ही भंगारात टाका, माह्याकडे आनू नका." चक्की म्हणजे आमचं पोट. दुसरं काही आम्हाला येत नाही आणि या वयात आता शिकवणारही कोणी नाही.

म्हणून या उन्हाळ्यात रस्ता खरवडायचं मशीन आलं तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. काय ते मशीन बाप्पा! पोटाखाली भला मोठा रूळ, त्याला सगळीकडून दात. मागून हे रस्ता खात यायचं आणि पुढच्या लांब पट्ट्यावरून चुरा टिप्परात ओकायचं. सोबतचा इंजिनियर कोल्हापूरकडचा, पोरगेला, गोड बोलणारा. चक्कीच्या ओट्यावर चहा पिता पिता त्यानं समजावून सांगितलं. हे जुनं डांबर टाकून द्यायचं नाही. गावाबाहेर वावरात प्लांट बसवलाय, तिथल्या फिरत्या ड्रममध्ये हा चुरा तापवायचा, थोडी नवी गिट्टी आणि नवं डांबर मिसळायचं, की झाला नव्या रस्त्याचा माल.

"म्हंजे रस्त्याचं दळन," मी म्हटलं.

"अगदी तसंच, मावशी!" तो हसला.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. गावातला रस्ता वीतभर खरवडायचा आणि घालायचा फक्त चार बोटं. उरलेला माल पलीकडच्या पोडाच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीच्या वाटेवर टाकायचा, तिथं रस्ताच नाही. मी मनातल्या मनात बोटं मोजली. रस्ता खाली जात होता. माझी एक पायरी तरी परत येत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पिठावर ढकललं आणि त्याला आणखी एक चहा दिला.

चूक तिथंच झाली. ओट्यावर पाच-सहा जण डबे घेऊन बसले होते आणि 'रस्त्याचं दळण' हा शब्द त्यांनी ऐकला.

आता आमच्या चक्कीचा कायदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं घर बौद्धांचं. सासऱ्यांनी चक्की टाकली तेव्हा रस्त्यापलीकडच्या शेतकरी घरांनी बरेच दिवस इकडे दळण आणलं नाही, आर्णीला नेलं. मग डोक्यावर डबे नेऊन माना दुखल्या असतील, एकेक जण यायला लागला. पण अट एकच: ज्याचं दळण त्यालाच, दुसऱ्याचा कणही मिसळायचा नाही. सासऱ्यांनी शब्द दिला, पुढे तो मी चालवला. लोक आपापल्या डब्याशेजारी डोळ्यांत तेल घालून बसायचे.

सगळ्यांत कडक मामाजी. ते आमचे नात्यातले कोणी नाहीत, पलीकडच्या गल्लीतले सगळ्यांत वयस्कर. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात, म्हणून मामाजी. ते सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे. आपल्या डब्यातली मूठभर ज्वारी आधी चक्कीत टाकायला लावायचे, म्हणजे आदल्या दिवशीचं कोणाचं काही राहिलं असेल तर ते धुऊन निघेल. ते मूठभर पीठ बाहेर कोंबड्यांना. मग त्यांचं दळण. आदला दिवस कोणाचा, हे ते कधी विचारायचे नाहीत आणि मी कधी सांगायची नाही, दोघांनाही माहीत असायचं. राग यायचा मला, खूप यायचा. पण चक्की चालवायची होती. तीस वर्षं माझ्या कोंबड्या मामाजींच्या मुठीवर पोसल्या.

तर दुसऱ्या दिवशी मामाजी प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन प्लांटवर हजर. मागे निम्मं गाव, आणि त्यांच्या मागे मी, कारण शब्द माझ्याच तोंडून निघाला होता.

"आमचा ढीग कोन्टा?" मामाजींनी विचारलं.

"सगळा एकच आहे काका," इंजिनियर म्हणाला. "तुमचा आणि पुढच्या गावचा एकत्रच पडतो."

"एकत्र? अन् मंग आमचं आमाले कसं भेटन?"

पोरगं हसलं. त्याला वाटलं थट्टा चालू आहे. मामाजी खुर्ची टाकून बसले तेव्हा त्याचं हसू गेलं.

"पुढच्या गावच्या रस्त्यात म्हैस बसंन एवढाले खड्डे," मामाजी म्हणाले. "तो माल आमच्यात आला तं खड्डे बी येतीन का नाई?"

"काका, खड्डा म्हणजे माल नाही. खड्डा म्हणजे तिथं माल नसणं."

मामाजींनी विचार केला. "मंग तं आनखीनच वाईट," ते म्हणाले.

त्या दिवसापासून टिप्पर अडले. आमचा माल वेगळा टाकायला लावला. ढिगाभोवती चुन्याची रेघ ओढली आणि पत्र्यावर गावाचं नाव लिहून तो पत्रा ढिगात खोचला, डब्यावर नाव घालतात तसा. पाळ्या लावून लोक राखण बसले. हे ऐकून पुढचं गाव कशाला मागे राहील? त्यांनीही आपल्या ढिगापाशी दोन बाजा आणून टाकल्या. आमच्यातल्या एकानं आमच्या ढिगातून पांढरा रंग लागलेला तुकडा उचलला आणि बोंब ठोकली, "हा आपला नोहे! आपल्या गावात पांढरा पट्टा कधी मारलाच नाई!" सगळ्यांनी मिळून तो तुकडा सन्मानानं पलीकडच्या ढिगात नेऊन दिला, त्यांच्याकडून पोच घेतली. रस्त्यावरून येता-जाता गाडीवाल्यांनी थांबून विचारावं, "कोनी मेलं का इथं?" असा सगळा प्रकार.

तिसऱ्या दिवशी मामाजींना आठवलं की ड्रममध्ये आधीच्या गावांचं काही चिकटलेलं असणार.

"आंधी आमचा एक टिप्पर माल टाकून डरम साफ करा," त्यांनी सांगितलं. "थो माल बाहेर काढा. मंग आमचं सुरू करा."

"बाहेर काढून काय करू?"

"कोंबड्यायले टाका."

इंजिनियरनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, कोंबड्यांना डांबर?" मी पदर तोंडाला लावला. मला हसूही येत होतं आणि त्या पोराची दयाही येत होती. घरी बायका भाजी-भाकरी बांधून राखणदारांना पाठवत होत्या, जसं काही सीमेवर गेलेत.

पण पाचव्या दिवशी हसू संपलं. मामाजींनी नवीन हिशेब मांडला: वीतभर नेलं तर वीतभरच परत आलं पाहिजे, चार बोटं नाही. पोडाच्या वाटेवर आमचा माल काहून? आणि वरून नवी गिट्टी, नवं डांबर मिसळणार, तेही आमच्याच वाट्याला. इंजिनियरनं वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, वाद नको, गावाचं गावात टाकून मोकळे व्हा.

संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसला. चहाला नको म्हणाला. "मावशी, रस्ता आहे त्यापेक्षा चार बोटं वर येईल आता," जमिनीकडे बघत तो म्हणाला. "माझ्या हातात काही राहिलं नाही."

मी तशीच मामाजींकडे गेले. ते अंगणात बाजेवर होते. "मामाजी, रस्ता वर आला तं पानी सरकं माह्या चक्कीत येईन. मोटर गेली का चक्की गेली."

"मले काय समजत नाई का बाई?" ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. "पन एका घरासाठी गावचा माल दुसऱ्याले कसा वाटाचा? अन् तूच तं सांगितलं का रस्त्याचं दळन हाये म्हनून. ज्याचं दळन त्याले. तुह्याच चक्कीचा कायदा."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिथून निघाले तेव्हा एवढी तापले होते की चप्पल त्यांच्या दारातच राहिली.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "उद्या मी चक्कीचं खरं सांगून टाकतो."

तो बसल्या जागी पांढरा पडला. चक्की चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं, पण कोणी बोलत नाही. दगडांच्या आजूबाजूला, आतल्या कडेला ओंजळभर पीठ अडकून राहतंच. मूठभर दाणे टाकून ते निघत नाही. पुढच्याचं दळण जोरात सुरू झालं की हळूहळू त्याच्यात जातं आणि त्याचं तिथं राहतं. सासऱ्यांनी मला हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "हे आपल्या संगं सरनावर जाईन, बाई."

"चक्की बंद पाडशीन तू," नवरा म्हणाला.

"पान्यानं बंद पडन्यापरीस माह्या तोंडानं पडू दे."

सकाळी मामाजी नेहमीसारखे पहिले आले. मागे चार-पाच जण डबे घेऊन. मामाजींनी मूठभर ज्वारी दिली, मी टाकली, पीठ निघालं, कोंबड्यांना गेलं. ते डबा पुढे सरकवणार तेवढ्यात मी मोटर बंद केली. झाकणाचे नट सोडले, झाकण काढलं आणि ब्रशनं आतलं पीठ परातीत झाडलं. परात मामाजींपुढे धरली. वरवर पांढरं, खाली पिवळंधमक.

"हे पिवळं काय?" ते म्हणाले.

"बेसन. काल सांजच्या पारी आमच्या गल्लीतल्या बाईनं हरभऱ्याची दाळ आनलती, तिचं. तुमची मूठ गेली, तरी हे इथंच. आता तुमच्या दळनात गेलं असतं."

"आजच्या दिवस झालं असंन."

"रोज होते मामाजी. मी सून होऊन आली तवापासून रोज. माह्या सासऱ्याच्या काळापासून." आवाज चढला माझा, चढला तर चढला. "तीस वर्षं तुमी आमच्या गल्लीचं खाल्लं अन् आमच्या गल्लीनं तुमचं. कोनाचं पोट दुखलं? सांगा ना! माह्या एवढ्याशा चक्कीत वेगळं नाई राहत, तं त्या डरममधी कायले शोधून राह्यले तुमी आपलं गाव?"

बाहेर कोंबड्या ते मूठभर पीठ टोचत होत्या. मामाजींनी बोट परातीत बुडवलं, पिवळं पीठ अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग न दळलेला डबा उचलला आणि गेले. मागचे चौघेही गेले. आमच्याच गल्लीतली एक बाई तेवढी थांबली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे आमी बी त्यायचं खाल्लं?" आणि तीही तणतणत गेली.

दुपारी कळलं की मामाजी प्लांटवर गेले, आपली खुर्ची उचलली आणि राखणदारांना म्हणाले, "उठा रे. काही मतलब नाई." का म्हणून विचारलं तर नुसते म्हणाले, "चक्कीतच मिसळते म्हन्ते थे." चुन्याची रेघ टिप्परांच्या चाकांखाली गेली. गावातला रस्ता वीतभर खरवडला आणि चार बोटं घातला. उरलेला माल पोडाकडे गेला. त्यात कोणत्या गावचा किती, ते त्या इंजिनियरलाही सांगता आलं नसतं.

पाऊस आला तेव्हा पाणी दारासमोरून नालीनं मुकाट निघून गेलं. उंबरा कोरडा, मोटर कोरडी. एक पायरी वर आली होती, तिच्यावर बसून मी पाऊस पाहिला. आणि चक्कीत कोणी नव्हतं. आमची गल्ली दोन-चार दिवसांत परत आली, पण पलीकडचा एक डबा नाही. सगळे आर्णीला. सकाळी कोंबड्या दारात येऊन उभ्या राहायच्या, त्यांना कोण सांगणार? नवरा रिकाम्या चक्कीवरही रोज फडकं फिरवायचा, आणि ते बघणंच मला खायचं. घर वाचवलं आणि पोट घालवलं, असं रोज वाटायचं. पाणी आत आलं असतं तरी बरं होतं, निदान तोवर डबे तरी आले असते, असंही एकदा वाटून गेलं.

पंधरा-वीस दिवसांनी मामाजी आले. सकाळी नाही, भरदुपारी, डबा खांद्यावर. पुढे आमच्या गल्लीतल्या तिघी होत्या, त्यांच्या मागे ओट्यावर टेकले. कोणी जागा दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही.

"आर्नीच्या पिठाची भाकर गोड नाई लागत," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. मला की भिंतीला, कळलं नाही.

त्यांची पाळी आली. त्यांनी झाकण काढलं. मी सवयीनं हात पुढे केला, मूठ घ्यायला. त्यांनी मूठ भरली नाही. डबाच पुढे सरकवला.

"माह्या आंधी कोनाचं झालं?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी आमच्या गल्लीतल्या, अजून दारातच उभ्या असलेल्या बाईकडे बोट केलं. "हिचं."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या डब्याकडे पाहिलं.

"हिची ज्वारी चांगली रायते," ते म्हणाले. "टाक."