कपाटाखालची पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरातली उजेडाची पट्टी आईनं ओढली नव्हती. ती आपोआप सुटली, आणि ती सुटणार हे मला चिकटवतानाच कळलं होतं.

आम्ही मोशीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. ओट्याच्या वर भिंतीला कपाटं आहेत आणि छतावरचा दिवा बरोबर पाठीमागे. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या हातांवर पडते. बायको शाळेत शिकवते, सकाळी सहाला निघते. तिचा डबा, माझा डबा, भाकरी, भाजी, सगळं आई करायची. सत्तरी कधीच उलटली होती, पण कुणी "बसा" म्हटलं की तिला राग यायचा.

"दिसतंय रं मला," ती म्हणायची. "पन माझीच सावली पडती परातीत. पीठ कुठं आन् हात कुठं. उजेडाचं कायतरी बग."

असं ती दोन-तीन महिने म्हणत होती. शेवटी एका शनिवारी चिंचवडातून एलईडी पट्टीचा रोल आणला. दुकानदारानं बजावलं होतं, "साहेब, नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका. ॲल्युमिनियमचं चॅनेल घ्या, स्क्रू मारा. किचनमध्ये वाफेनं, तेलानं सुटतं ते."

"अहो, चिकटवायचंच काम करतो आम्ही कंपनीत," मी म्हटलं. "राहू द्या."

ते खोटं नव्हतं. चाकणला ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथे गाड्यांच्या दारांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या टेपनं चिकटवतात. जागा आधी स्पिरिटनं पुसायची, सुकू द्यायची, पट्टी रोलरनं दाबायची आणि दिवसभर तिला हात लावायचा नाही. या सूचनांचा बोर्ड लाइनवर मीच लावलाय, खाली सही माझी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी स्टुलावर चढलो आणि कपाटाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवलं. बोटाला चिकट लागलं. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा थर होता तो. पण रविवार होता, अकराला एका साखरपुड्याला निघायचं होतं. कोरडं फडकं एकदा फिरवलं आणि मागचा कागद सोलत सोलत पट्टी लावत गेलो. उरलेली कापायचाही कंटाळा केला. शेवटचं हातभर टोक थेट चिमणीपर्यंत, शेगडीच्या वर नेऊन सोडलं.

बटण दाबलं. आई ओट्याशी आली, दोन्ही हात उजेडात उलटेपालटे करून बघत राहिली. "आता कसं," म्हणाली. "हाताच्या शिरापण दिसाया लागल्या की."

पट्टी अकरा दिवस टिकली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी ती भजी तळत होती. मी नुकताच कंपनीच्या बसमधून उतरून आलो होतो, दाराशी बूट काढत होतो. "पाल! पाल!" असं ओरडणं ऐकू आलं, मागोमाग कढई आदळल्याचा आवाज. चिमणीकडचं टोक सुटून तिच्या तोंडासमोर लोंबत होतं. दचकून तिनं हात उडवला, झारा कढईच्या कानात अडकला, आणि उकळतं तेल उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत.

बायकोनं तिचा हात नळाखाली धरला. मी गॅस बंद केला आणि उरलेली पट्टी ओढून काढली. एवढीशी ओढ पुरली. तिच्या पाठीला पिवळट, तेलकट थर आला होता, आमच्या कपाटाचा. कंपनीत पहिला नियम असा की फेल झालेला पार्ट जपून ठेवायचा, पुसायचा नाही, फेकायचा नाही. मी त्या पट्टीचा बोळा केला, कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातला आणि वर वाया गेलेली भजी टाकली.

दवाखान्यातून ड्रेसिंग करून आल्यावर बायको म्हणाली, "पण अहो, पडलीच कशी ती?"

"पुसताना ओढली गेली असेल," मी म्हटलं. "आईला आता नीट दिसत नाही ना. पट्टीची पाल दिसली तिला."

आई सोफ्यावर, हात उशीवर ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती खरोखरच आठवून बघत होती.

"व्हय," ती म्हणाली, "सकाळी फडकं फिरवलं व्हतं मी. मीच वढली आसंल."

कंपनीत तक्रार आली की आम्ही कागदावर एकाखाली एक पाच वेळा 'का' विचारतो. पार्ट का सुटला, टेप का धरला नाही, असं करत खाली उतरायचं. पाचव्या 'का'पाशी बहुतेक वेळा एखादा कामगार सापडतो. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली.' किती कागदांवर लिहिलंय मी हे. तिथे माणूस निदान भांडतो तरी, "सर, माल आला तसा लावला, माझ्यावर काय ढकलता?" आई भांडली नाही. मी सांगितलेलं तिनं स्वतःला आठवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा छान आहे, दुसराही कामापुरता ठीक, असं डॉक्टर म्हणाले. आई तेव्हा बाहेर बाकावर, थेंब घातलेले डोळे मिटून बसली होती. रिक्षात तिनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"वयाच्या मानानं बरंय," मी म्हटलं.

'वयाच्या मानानं' हे दोन शब्द डॉक्टरांचे नव्हते.

बायकोनं मायेनंच सांगितलं होतं, "आई, आता गॅसजवळ यायचं नाही हं. मी बघते सगळं." ती आता साडेचारला उठते. तिची झोप मोडली तीही माझ्यामुळे, आणि ती बिचारी अधूनमधून मलाच म्हणते, "तुमचंही वाईट वाटतं हो, आईंना असं बघून." मी मान हलवतो. हात तीन आठवड्यांत भरला. आई मात्र भरल्यासारखी काही झाली नाही. गॅलरीत खुर्चीत बसते, मेथी निवडते. चार वाजले की आत येऊन विचारते, "च्या टाकू का?" स्वतःच्या घरात विचारते. घरात जे असेल ते "नको, बस" म्हणतं.

गेल्या दिवाळीआधी मी सगळं नव्यानं केलं. कपाटांची खालची बाजू सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, स्पिरिटनं पुसली, सुकू दिली. ॲल्युमिनियमचं चॅनेल वीतभर अंतरावर स्क्रू मारून बसवलं, आत पट्टी, वर तिचं झाकण. वायर क्लिपांनी भिंतीलगत नेली. शेगडीच्या अलीकडे खुणेवर पट्टी कापली. मग दोन्ही हातांनी चॅनेल धरून लोंबकळल्यासारखं ओढून पाहिलं. हललं नाही. असं काम मी कंपनीतही केलेलं नाही.

"आई, ये ना," हाक मारली. "बघ."

ती आली, पण उंबऱ्यापाशीच थांबली. "झ्याक उजेड पडलाय," म्हणाली. "पोरीला बरं झालं."

"तुझ्यासाठी केलंय. भाकरी कर आज तू."

"नगं बाबा." तिनं उजवा हात पदराखाली घेतला. "माज्या हातनं परत काय झालं म्हंजी?"

"आई, ती पट्टी त्या दिवशी..."

"आता कशाला त्यो इषय? चुकलं माजं. तू नगं वाईट वाटून घिऊ."

मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. नंतर दोनदा सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिनंच माझी समजूत घातली. आणि आता भीती वाटते ती वेगळीच. खरं सांगितलं तरी तो ओटा तिला परत मिळेल का? तिनं माझं म्हणणं इतकं धरलंय की मलाच ते सोडवता येत नाही.

आईला वाचता येत नाही. म्हणून हे लिहिता आलं. लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं.

आईला, बायकोच्या समोर, एवढं सांगायचं आहे: "तू ओढली नव्हतीस. तुला दिसतं. मी पुसलं नव्हतं." ते देणं अजून माझ्याकडे आहे.